एका राजकुलाचें आडनांव

इ. स. १७९२ च्या डिसेंबर महिन्याच्या ११ व्या तारखेस पॅरिसमधील ताँप्ल नांवाच्या जुन्या गढींत कांहीं सरकारी अधिकारी गेले. तेथें कैदेंत असलेल्या एका गृहस्थास राष्ट्रीय सभेपुढें हजर करण्याचा हुकूम त्यांनीं वाचून दाखविला. हुकुमांत कैद्याचें नांव ‘लुई कापे’ असें घातलेलें होतें. कैदी शांतपणें म्हणाला कीं, कापे हें आपलें नांव नव्हे. आपल्या एका पूर्वजाचें तें नांव होतें. हा कैदी म्हणजे थोड्याच महिन्यांपूर्वीं फ्रान्सच्या सिंहासनावर असलेला सोळावा लुई. प्राणावर बेतलें असतां मनुष्यानें नांवाबद्दल हरकत घ्यावी, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु त्या हरकतींत तथ्य होतें.

राजाला आडनांव नसतें. सहीच्या जागीं ‘लुई’ एवढा एकच शब्द त्याला पुरतो. आडनांव हें प्रजाजनाचें चिन्ह. सप्टेंबर १७९२ मध्यें फ्रान्सांतून राजपद नष्ट करण्यांत आलें. तेव्हां राजाचा नागरिक होणें ओघानेंच आलें, आणि नागरिक म्हटला कीं त्याला आडनांव पाहिजे. क्रांतिकारकांनीं आठशें वर्षांपूर्वींचें एक टोपणनांव शोधून काढलें आणि तें राजाच्या, राणीच्या व त्यांच्या मुलांच्या नांवापुढें चिकटविलें. पुढें राणी मारी आंत्वानेत हिचा खटला चालला तोहि ‘कापेची विधवा’ या नांवानें. एखाद्या कुलाचें आडनांव त्याच्या शत्रूंनीं ठरवावें, असा प्रकार इतिहासांत विरळाच.

या टोपणनांवाचा मूळ धनी ह्यूग कापे. इ. स. ९८७ मध्यें पांचवा लुई शिकारींत अपघात होऊन निपुत्रिक वारला आणि शार्लमान बादशहाच्या वंशाकडून फ्रान्सचें राज्य गेलें. सरदार व धर्माधिकारी यांनीं ह्यूग या बलाढ्य सरदारास राजा निवडलें. ह्यूग हा गृहस्थाश्रमी असूनहि अनेक मठांचा अधिपति होता. त्यांत तूर येथील संत मार्ताँचा मठ प्रमुख होता. थंडीनें कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास या संतानें आपला अर्धा झगा कापून दिला, ही कथा ख्रिस्ती जगांत सर्वतोमुखीं आहे. अशा झग्याला लॅटिन भाषेंत ‘काप्पा’ म्हणत. त्यावरूनच ‘कापे’ हें टोपणनांव पडलें असावें, असें विद्वान् मानतात. ह्यूगच्या हयातींत तें कांहीं कुलाचें आडनांव नव्हतें. मागाहून बखरकारांनीं तें त्याला कायमचें जोडलें, आणि त्याच्या वंशाला ‘कापे वंश’ म्हणूं लागले.

याच वंशाच्या ज्या शाखेंत सोळावा लुई जन्मला, त्या शाखेचें नांव बूर्बाँ. या नांवाची कुळकथा निराळी आहे. मध्य फ्रान्समध्यें उन्हाळ्यांचें, म्हणजे उष्ण पाण्याच्या झऱ्यांचें, एक गांव आहे. त्याला बूर्बाँ-लार्शांबो म्हणतात. रोमन लोकांच्या पूर्वीं तेथें राहणारे गॉल लोक ऊन झऱ्यांच्या एका देवतेची उपासना करीत. तिचें नांव बोर्वो. त्या देवतेवरून गांवाला नांव मिळालें आणि गांवावरून तेथील जहागिरीला. गांवावरून कुलाला नांव पडण्याची रीत महाराष्ट्रांत जशी आहे तशी फ्रान्सांतहि होती.

परंतु या जहागिरीचें नांव राजवंशाला मिळालें तें मात्र एका स्त्रीच्या द्वारें. संत म्हणून गौरविलेल्या नवव्या लुईचा धाकटा पुत्र रोबेर यानें इ. स. १२७२ मध्यें बेआत्रिस नांवाच्या सरदारकन्येशीं विवाह केला. बूर्बाँची जहागीर बेआत्रिसला आपल्या आईकडून वारसाहक्कानें आलेली होती. त्या दोघांचा पुत्र १३२७ मध्यें बूर्बाँचा पहिला ड्यूक झाला. म्हणजे रक्त कापे वंशाचें, आणि नांव आजीच्या जहागिरीचें. पुढें दोनशें बासष्ट वर्षांनीं, १५८९ मध्यें, व्हाल्वा शाखेचा शेवटचा राजा मारेकऱ्याच्या हातून मेला. त्याला पुत्र नव्हता. त्याचा व बूर्बाँ शाखेचा समाईक पूर्वज शोधावयाचा तर तीनशें वर्षें मागें, नवव्या लुईपर्यंत जावें लागत होतें. तरीहि स्त्रीच्या द्वारें वारसा न मानण्याच्या फ्रेंच नियमामुळें त्याच शाखेंतील चौथा हेन्री गादीवर आला. जें नांव एका स्त्रीकडून आलें, त्या नांवाच्या शाखेला राज्य मिळालें तें स्त्रियांचा हक्क नाकारणाऱ्या नियमानें!

येथपर्यंतची साक्ष दानपत्रांची, विवाहकरारांची आणि बखरींची. एकविसाव्या शतकांत या साक्षीदारांच्या जोडीला एक नवा साक्षीदार उभा राहिला. पुरुषाच्या पेशींत ‘वाय’ नांवाचें एक गुणसूत्र असतें. तें बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे असें जवळजवळ जसेंच्या तसें जातें. अधूनमधून त्यांत एखादा सूक्ष्म फरक पडतो, आणि अशा फरकांवरून शास्त्रज्ञ मनुष्यजातीच्या पितृशाखा लावतात. आडनांवाची वाट आणि या गुणसूत्राची वाट एकच. म्हणून जुन्या घराण्याची वंशावळ खरी कीं खोटी, हें पडताळण्याचें तें उत्तम साधन ठरलें.

पहिला प्रयोग झाला तो एका भोपळ्यावर. सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ रोजीं झाला. त्या वेळीं जमलेल्या लोकांनीं राजाच्या रक्तांत आपले रुमाल बुडविले, असें सांगतात. इटलींतील एका कुटुंबाकडे नक्षी कोरलेला एक वाळलेला भोपळा होता आणि असाच एक रुमाल त्यांत ठेवल्याचा मजकूर त्यावर कोरलेला होता. रुमाल नाहींसा झाला होता. आंत उरला होता तो काळसर थर. शास्त्रज्ञांनीं त्याची परीक्षा केली तेव्हां त्यांत पुरुषाचें रक्त निघालें, आणि त्याचें वाय गुणसूत्र यूरोपांत विरळ असलेल्या ‘जी’ नांवाच्या शाखेचें आढळलें.

दुसरी वस्तु म्हणजे एक सुकलेलें मस्तक. ऑक्टोबर १७९३ मध्यें क्रांतिकारकांनीं सँ-दनी येथील राजांच्या कबरी उकरल्या. त्या गोंधळांत चौथ्या हेन्रीचें मस्तक धडापासून वेगळें झालें, अशी समजूत होती. १९१९ मध्यें एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानें लिलांवांत तीन फ्रँकांस घेतलेलें मस्तक तेंच, असें २०१० मध्यें कांहीं शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें; आणि २०१२ च्या अखेरीस त्यांतील गुणसूत्राचे जे थोडे अवशेष मिळाले ते भोपळ्यांतील रक्ताशीं जुळतात, असेंहि सांगण्यांत आलें. दोन संशयित साक्षीदारांनीं एकमेकांची हमी घेतली, असाच हा प्रकार होता.

लूव्हेन विद्यापीठांतील लार्मुझो व त्यांचे सहकारी यांनीं अगदीं सरळ मार्ग धरला. मेलेल्यांच्या संशयित अवशेषांपेक्षां जिवंत वंशजांनाच विचारलें तर? बूर्बाँ वंशांतील तीन हयात पुरुषांची त्यांनीं परीक्षा केली. त्यांपैकीं दोघे चौदाव्या लुईपासून निघालेल्या पार्मा शाखेचे, व तिसरा चौदाव्या लुईच्या धाकट्या भावापासून निघालेल्या ऑर्लेआँ शाखेचा. २०१३ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला. तिघांचेंहि गुणसूत्र एकाच शाखेचें निघालें, आणि ती शाखा ‘जी’ नव्हे, तर पश्चिम यूरोपांत विपुल असलेल्या ‘आर’ या महाशाखेची एक उपशाखा होती. पुढच्याच वर्षीं भोपळ्यांतील रक्ताची अधिक सखोल तपासणी झाली. सोळाव्या लुईची आई सॅक्सनीची व आजी पोलंडची; तो स्वतः उंचापुरा व निळ्या डोळ्यांचा. भोपळ्यांतील मनुष्याचें रक्त मात्र इटलीकडचें दिसलें, डोळे निळे असण्याचा संभव दिसला नाहीं, व विशेष उंचीहि दिसली नाहीं. भोपळ्याची कथा तेथेंच संपली, आणि त्याच्या हमीवर उभें असलेलें मस्तकहि निराधार झालें.

या परीक्षेनें आणखी एका जुन्या कुजबुजीचा निकाल लावला. तेराव्या लुईचा विवाह १६१५ मध्यें झाला. पहिला पुत्र, म्हणजे चौदावा लुई, जन्मला १६३८ मध्यें. तेवीस वर्षांनीं झालेल्या या मुलाच्या पितृत्वाबद्दल त्या काळापासूनच नाना तर्क चालत. दोन्ही भावांच्या वंशजांत एकच गुणसूत्र सांपडल्यामुळें ते दोघेहि एकाच पितृवंशाचे होते, एवढें निश्चित झालें. एवढेंच, अधिक नाहीं. तो पितृवंश ह्यूग कापेपर्यंत पोंचतो, हें आजहि कागदपत्रेंच सांगतात. प्रयोगशाळा दोन माणसांचें नातें जुळवून देते. त्यांचीं नांवें तिला ठाऊक नसतात.

नांवाचा प्रवास रक्तापेक्षांहि दूरवर होतो, याचें उदाहरण खुद्द हिंदुस्थानांत आहे. भोपाळ येथें बूर्बाँ नांवाचें एक ख्रिस्ती घराणें आहे. आपला मूळ पुरुष अकबराच्या काळीं फ्रान्सहून आलेला बूर्बाँ कुळांतील सरदार होय, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. त्यांतील बाल्थाझार ऊर्फ शहजाद मसीह हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कुदसिया बेगमेच्या कारभारांत मोठ्या अधिकारावर होता. त्याचें हें कर्तृत्व पूर्वज राजवंशांतला ठरला म्हणून वाढत नाहीं, कीं न ठरला म्हणून कमी होत नाहीं.

आतां पुन्हां ताँप्लच्या गढीकडे वळावयास हवें, कारण ‘कापे’ या आडनांवाचें ओझें सर्वांत जड झालें तें एका लहान मुलावर. सोळाव्या लुईचा धाकटा पुत्र लुई-शार्ल याला जुलै १७९३ मध्यें आईपासून तोडण्यांत आलें. पहारेकरी त्याला कापे म्हणूनच हांक मारीत. ८ जून १७९५ रोजीं, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षीं, तो त्या कैदेंतच वारला. प्रेताची परीक्षा करणाऱ्या पेलताँ नांवाच्या वैद्यानें त्याचें हृदय काढून रुमालांत गुंडाळलें आणि खिशांत घालून घरीं नेलें. प्रेत स्मशानांत खुणेशिवाय पुरलें गेलें.

मग तोतयांचें पीक आलें. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हें महाराष्ट्र जाणतोच. फ्रान्सांत असे तोतये एक नव्हे, अनेक निघाले. त्यांत नाउनडोर्फ नांवाचा एक घड्याळजी सर्वांत प्रबळ ठरला. राजपुत्राच्या जुन्या दाईनेंहि त्याला ओळखलें. १८४५ मध्यें हॉलंडांतील डेल्फ्ट येथें तो वारला, तेव्हां त्याच्या थडग्यावर ‘सतरावा लुई’ हें नांव कोरण्यांत आलें, आणि त्याच्या वंशजांना बूर्बाँ हें आडनांव लावण्याची परवानगीहि हॉलंडांत मिळाली. खऱ्या मुलाला शत्रूंनीं दिलेलें आडनांव मिळालें. परक्या घड्याळजीच्या मुलाबाळांना राजवंशाचें.

या प्रकरणाचा निवाडा वाय गुणसूत्रानें केला नाहीं. पेशींच्या केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रिया नांवाचे सूक्ष्म घटक असतात, आणि त्यांतील वारसा केवळ आईकडून मुलांकडे जातो. १९९८ मध्यें नाउनडोर्फच्या हाडाची या दृष्टीनें तपासणी झाली. मारी आंत्वानेतच्या मातृकुलाशीं तें जुळलें नाहीं. वैद्यानें नेलेलें हृदय, चोरी, क्रांति आणि देशांतर यांतून वांचून, १९७५ मध्यें सँ-दनी येथें परत आलेलें होतें. इतिहासकार फिलिप देलोर्म यांच्या खटपटीनें त्याचाहि एक अंश लूव्हेनचे कासिमन व म्युन्स्टरचे ब्रिंकमान या दोन शास्त्रज्ञांकडे स्वतंत्रपणें देण्यांत आला. तुलनेसाठीं मारी आंत्वानेतचे व तिच्या दोन बहिणींचे जपून ठेवलेले केस होते, आणि त्याच मातृकुलांतील, त्या वेळीं हयात असलेली रुमानियाची राणी ॲन व तिचा भाऊ हे होते. एप्रिल २००० मध्यें निकाल जाहीर झाला: दोन्ही प्रयोगशाळांचें उत्तर एकच. हृदय त्याच मातृकुलांतील मुलाचें होतें. तें १७८९ मध्यें वारलेल्या थोरल्या भावाचें असेल, अशी शंका कांहींनीं काढली. परंतु थोरल्याचें हृदय राजरीतीप्रमाणें मसाले घालून जतन केलेलें होतें आणि पेलताँनें नेलेलें हृदय मद्यार्कांत ठेवलेलें होतें, हें दाखवून इतिहासकारांनीं ती शंका दूर केली. ८ जून २००४ रोजीं, मृत्यूनंतर बरोबर दोनशें नऊ वर्षांनीं, तें हृदय सँ-दनी येथें आईबापांच्या कबरींजवळ विधिपूर्वक ठेवण्यांत आलें.

कापे आणि बूर्बाँ या दोन नांवांसाठीं फ्रान्सांत आठ शतकें लढाया, करार व खटले झाले. तीं नांवें बापाकडून मुलाकडे जात राहिलीं, आणि त्यांच्या जोरावर तोतयांनींहि आपले दावे मांडले. परंतु ज्या मुलाला त्या नांवानें तुरुंग व मरण यांवांचून कांहींच दिलें नाहीं, त्याची ओळख अखेर पटली ती कोणत्याच आडनांवांत न मावणाऱ्या आईच्या वारशानें.