तुमची जमीन, पण भाव कुणाचा?

आजचा प्रश्न सोपा वाटेल, पण त्यापायी आपल्याकडे माणसं तुरुंगात गेली आणि गोळ्याही झेलल्या. सरकारला तुमची जमीन हवी आहे, तुम्हाला ती विकायची नाही. मग तिची योग्य किंमत ठरवायची कशी?

सुरुवात करू १८९४ पासून. त्या साली इंग्रजांनी भूसंपादन कायदा केला. सूत्र असं, की संपादनाची सरकारी घोषणा निघाली त्या दिवशीचा बाजारभाव काढायचा. त्यावर सक्तीनं घेतोय म्हणून १५ टक्के जास्त द्यायचे. यालाच म्हणतात दिलासा रक्कम.

आता बाजारभाव म्हणजे काय? विकणारा राजी, घेणारा राजी, तेव्हा जो सौदा ठरेल तो. इथं तर विकणारा राजीच नाही! आणि कायद्याचं कलम २४ काय म्हणायचं माहितीये? मालकाची जमीन सोडायची इच्छा नाही, ही गोष्ट भाव ठरवताना धरायची नाही. संपादनानंतर तिथं जे उभं राहील त्यामुळे वाढणारी किंमतही धरायची नाही. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यांच्यावरच चालते.

पहिलं वाक्य मुळशीत भिडलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या कंपनीनं नीला-मुळेच्या संगमावर धरण बांधायला घेतलं आणि सरकारनं हाच कायदा वापरून जमीन मिळवून दिली. पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. याच लढ्यानं पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले.

पण खरी गोम पुढे आहे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या, मावळे त्या कसायचे. सावकाराला चांगला मोबदला मिळाला की त्याचं काम झालं. कसणाऱ्याला मात्र भातखाचरच हवं होतं. म्हणजे एकाच जमिनीची दोघांसाठी किंमत वेगळी! १९२४ पर्यंत लढा संपला. धरण झालं, आजही आहे.

स्वातंत्र्यानंतर तरी चित्र बदललं का? १९५३ मध्ये बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मोबदला मालमत्तेच्या किमतीइतका पाहिजे. संसदेनं १९५५ मध्ये घटनादुरुस्ती केली, की मोबदला पुरेसा आहे का, हे कोर्टानं बघायचं नाही. यात जमीनदारी मोडण्याचा हेतू होता, पण त्याचा फटका छोट्या खातेदारालाही बसू शकत होता. १९७८ च्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच गेला.

आता दुसरं वाक्य, आणि नवी मुंबई. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरणकडची भातशेती आणि मिठागरं शहरासाठी घेतली गेली. जमीन घेतली शेतीच्या भावानं, विकली गेली प्लॉटच्या भावानं. मधला फरक कुणाचा? दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकाला परत. शेतकऱ्याला नुसता भाव नाही, वाढीतला वाटा मिळाला. १८९४ च्या कायद्याला हे सुचलंच नव्हतं.

१९८४ मध्येच केंद्रानं दिलासा रक्कम ३० टक्के केली. पण आणखी एक घोळ होता. भाव काढायचा खरेदीखतांवरून, आणि मुद्रांक शुल्क वाचवायला लोक खतात किंमत कमी दाखवायचे. शेजाऱ्यानं वाचवलेले पैसे तुमच्या मोबदल्यातून जायचे!

१ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला. आता रेडी रेकनरचा दर, गेल्या तीन वर्षांतल्या खतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, किंवा संमतीनं ठरलेली रक्कम, यांतला जो आकडा मोठा तो धरतात. ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणक, तो राज्य सरकार ठरवतं. वर १०० टक्के दिलासा रक्कम. १० लाखांच्या जमिनीचं गणित करा. १८९४ च्या मूळ कायद्यानं साडेअकरा लाख, १९८४ नंतर १३ लाख, आणि आता गुणक २ असेल तर ४० लाख. कसणारं कूळ, शेतमजूर यांनाही आता कायदा ‘बाधित’ मानतो. मुळशीच्या मावळ्यांना हे मिळालं नव्हतं.

म्हणून गावात भूसंपादनाची नोटीस आली तर घरच्यांना तीन गोष्टी विचारा. अधिसूचनेची तारीख कोणती, गुणक किती, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? निवाडा पटला नाही तर पैसे घेताना हरकत लेखी नोंदवा आणि मुदतीत वाढीव मोबदल्याचा अर्ज करा. आकडा सरकार लिहितं, पण शेवटचा आकडा तोच असेल असं नाही.

भेटू पुढच्या भागात!