हवेचं दप्तर

परवा बऱ्याच दिवसांनी वागळे इस्टेटमध्ये जाणं झालं. भाच्याचं तिथे छोटंसं वर्कशॉप आहे. कारखान्यांत, टाक्यांत, गटारांत उतरणाऱ्या माणसांची गॅस मोजायची यंत्रं त्याच्याकडे तपासणीला येतात. मुठीत मावेल एवढं यंत्र, खिशाला अडकवायचं. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू, असे चार आकडे एकदम दाखवतं. धोका दिसला की ओरडतं.

एवढं मला ठाऊक होतं. भाच्याने यंत्र एका खाचेत बसवलं, वायर कॉम्प्युटरला जोडली आणि म्हणाला, "मामा, आता बघ." पडद्यावर रांगाच रांगा उतरू लागल्या. तारीख, वेळ आणि चार आकडे. दर मिनिटाला एक ओळ, म्हणजे आठ तासांच्या पाळीच्या ४८० ओळी! उभी हयात इतिहास शिकवण्यात गेलेली. मला तर ते दप्तरच वाटलं.

पूर्वी आमच्या गावी जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडत. विझला तर उतरायचं नाही. विलायतेतल्या कोळशाच्या खाणींसाठी हम्फ्री डेव्हीने १८१५ साली जाळीचा दिवा केला. ज्योतीवर निळसर टोपी दिसली की मिथेन आहे हे कळे. पुढे १८९०च्या दशकात जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाने पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी सुचवला. ब्रिटिश खाणींतून तो निरोप घेऊ लागला तो थेट १९८६ साली. दिवा विझला, पक्षी पडला, माणूस वाचला. पण वायू किती होता, किती वेळ होता, याची नोंद मागे राहिली नाही.

नाकावर तर विसंबूच नये. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो गेला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं वाटतं. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला नेतिवलीत एका विहिरीत पाच जण गेले. त्यांत वाचवायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही होते.

यंत्राचं ओरडणं त्या क्षणासाठी, त्या माणसासाठी. साठवलेले आकडे मागाहून विचारणाऱ्यांसाठी. १९८४च्या भोपाळनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाना कायद्यात विषारी वायूंच्या मर्यादा आल्या. हायड्रोजन सल्फाइड आठ तासांच्या सरासरीने दहा लाखांत १०, पंधरा मिनिटांच्या सरासरीने १५. आता सरासरी काढायची तर पाळीभराच्या नोंदी नकोत का?

भाच्याने दोन गोष्टी सांगितल्या. यंत्राची जागा भरली की नव्या नोंदी सर्वांत जुन्यांवर चढतात, म्हणून वेळेत उतरवून घ्यायला हवं. आणि यंत्राचं घड्याळ चुकलेलं असेल तर सगळंच वाया. मला राजवाडे आठवले. गावोगावी हिंडून त्यांनी दप्तरं जमवली, १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. वाळवीने खाल्लेला कागद आणि मिती नसलेलं पत्र, ही त्यांचीही दुखणी होती.

"काही गिऱ्हाइकं म्हणतात, तपासणीचं सर्टिफिकेट द्या, आतलं काढू नका," भाचा म्हणाला. का, ते विचारावं लागलं नाही.

आमचे अण्णा १९६६ साली याच इस्टेटीत एका कंपनीत लागले. इस्टेट तेव्हा नवी होती. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीची ही पहिली वसाहत. अण्णांचं काम टाक्या धुण्याचं. संध्याकाळी कपाळाला रुमाल बांधून पडून राहायचे. आई म्हणायची, ऊन लागलंय. निवृत्तीआधीच छातीच्या दुखण्याने गेले. विडीमुळे, असं कंपनीने सांगितलं. अण्णा विडी ओढायचे, खोटं कशाला बोलू? कदाचित तेच खरं असेल. पण त्या टाक्यांत त्यांनी काय श्वासात घेतलं याची कुठे एक ओळ नाही. कंपनी गेली, आता तिथे काचेची इमारत आहे. वर्गात मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो, पुरावा नाही तर इतिहास नाही. ते वाक्य असं घरात येऊन बसेल हे कुठे माहीत होतं?

निघताना भाच्याने पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. ११ वाजून ४२ मिनिटं, हायड्रोजन सल्फाइड ०. ४३ला १८. ४४ला २६. ४५ला ३. ४६ला पुन्हा ०.

"काय झालं असेल, मामा?"

"बाहेर आला," मी म्हटलं.

कोण, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. पण त्याच्या चार मिनिटांची नोंद आहे. भाच्याने फाइलला तारीख घातली, दुसरी प्रत काढली आणि गिऱ्हाइकाने मागितली नसतानाही पाकिटात घातली.