वाटणीतला तोटा

केबलची एक तार दोन खोल्यांत नेली की चित्र का मलूल होते, या घरगुती प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास एकोणिसाव्या शतकातील लंडनपर्यंत जावे लागते. ऑलिव्हर हेविसाइड तिथला. बालपणीच्या आजाराने त्याची श्रवणशक्ती मंदावली होती. १८७४ साली त्याने तार कंपनीची नोकरी सोडली आणि पुन्हा कुठेही नोकरी धरली नाही. मध्ये एक वाहक आणि त्याभोवती नळीसारखा दुसरा, या रचनेचे पेटंट त्याने १८८० मध्ये घेतले. तीच आजची कोॲक्सिअल केबल. ‘इंपिडन्स’ हा शब्दही त्याचाच, १८८६ चा. (विज्ञानाच्या भाषेला शब्द देणाऱ्यांत आपण साहित्याचे लोक त्याला का मोजत नाही, हे कोडेच आहे.) बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध म्हणजे इंपिडन्स. तारेत तो जिथे एकाएकी बदलतो, तिथून लहरीचा काही अंश उलट फिरतो.

पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत एस्पेनशीड आणि ॲफेल यांनी या रचनेला नव्या कामासाठी पेटंट मागितले आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया अशी प्रायोगिक तार पडली.

आपल्याकडे ती गच्च्यांवरून आणि झाडांवरून आली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर तिचा पसारा झपाट्याने वाढला; कायदा झाला तो १९९५ साली. त्याच सुमारास आमच्या घरी दुसरा टीव्ही आला. वडिलांनी तार मध्येच कापली, तिन्ही टोकांना पीळ दिला, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. दोन्ही पडद्यांवर मुंग्या! दोष अर्थातच केबलवाल्याचा ठरला.

वस्तुतः तोटा दोन प्रकारचा होता. एक अटळ. शक्ती दोघांत वाटली की प्रत्येकाला निम्मी मिळते, म्हणजे ३ डेसिबल कमी. चांगला स्प्लिटरही सुमारे साडेतीन घेतो, चार तोंडांचा सुमारे सात. दुसरा तोटा मात्र आमच्या हातचा होता. ७५ ओहमच्या दोन तारा नुसत्या पिळून जोडल्या की येणाऱ्या तारेसमोर साडेसदतीस ओहम उभे राहतात, आणि हेविसाइडने सांगितल्याप्रमाणे लहर माघारी वळते. स्प्लिटर नेमका हाच मेळ राखतो. त्याची तोंडे हवी तेवढीच असावीत, रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचे टोपण बसवावे. ॲम्प्लिफायर लावायचाच तर वाटणीच्या आधी. नंतर लावल्यास क्षीण झालेल्या चित्राबरोबर मुंग्याही वाढतात.

हे आम्हांला फार उशिरा कळले. केबलवाला मुलगा शिडी घेऊन तीनदा आला, खांबावरचा जोड तपासून गेला. घरातली चिकटपट्टी त्याला कोणी दाखवली नाही. त्या महिन्याचे पैसे वडिलांनी त्याला दिले नव्हते.