नंदादेवीची वाट



पर्वतशिखरें जिंकल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतों. शेवटचीं शंभर पावलें, वाऱ्याचा घोंघाट आणि माथ्यावर रोवलेलें निशाण यांचेंच वर्णन त्यांत बहुधा असतें. परंतु शिखराच्या माथ्याआधीं त्याचा पायथा गांठावा लागतो, आणि तो कोणत्या वाटेनें गांठावयाचा हा निर्णय त्याच्याही आधीं करावा लागतो. या निर्णयाला कधीं एक सायंकाळ पुरते, तर कधीं माणसांच्या दोन पिढ्या खर्ची पडतात. आज ज्या पर्वताविषयीं मी बोलणार आहें, त्याचा पायथा गांठावयास एक्कावन्न वर्षें लागलीं. तो पर्वत म्हणजे गढवाल आणि कुमाऊं यांच्या सीमेवरील नंदादेवी.

नंदादेवीची उंची ७,८१६ मीटर, म्हणजे सुमारें २५,६४० फूट आहे. तिच्याहून उंच शिखरें हिमालयांत अनेक आहेत. पण तिच्यासारखी तटबंदी क्वचितच एखाद्याला लाभली असेल. आपल्या हाताशीं कागद-पेन्सिल असेल, तर एक वर्तुळ काढा. हा तिचा तट. प्रत्यक्षांत त्याचा घेर सुमारें सत्तर मैलांचा आहे, त्याची सरासरी उंची वीस हजार फूट भरते, आणि एक जागा सोडली तर तो कोठेंही सतरा हजार फुटांच्या खालीं उतरत नाहीं. वर्तुळाच्या आंत, बालेकिल्ल्यासारखें, मुख्य शिखर. पूर्वेस तटाच्याच माळेंत ओंवलेलें पूर्व-नंदादेवी हें दुसरें शिखर, आणि दोहोंना जोडणारी सव्वा मैल लांबीची बर्फाची धार. आतां वर्तुळाच्या पश्चिम बाजूस एक बारीकशी फट ठेवा. तटाच्या आंत वितळणारें सारें बर्फ पाणी होऊन या एकाच फटींतून बाहेर पडतें. त्या पाण्याचें नांव ऋषिगंगा. सप्तर्षि येथें तपाला बसले होते, अशी त्या भागांतील लोकांची श्रद्धा आहे.

मी जन्मभर मुलांना भूगोल शिकविला. नकाशावर बोट ठेवून ‘येथून वाट आहे’ असें सांगणें किती सोपें असतें, हें मला चांगलें ठाऊक आहे. आपल्या वर्तुळाकडे पाहिलें तर चार वाटा दिसतात : पूर्वेचा तट, उत्तरेचा तट, दक्षिणेचा तट आणि पश्चिमेची फट. या चारांतून एक निवडावयाची होती.

पहिला प्रयत्न फटीकडूनच झाला. इ. स. १८८३ मध्यें ग्रॅहॅम नांवाचा इंग्रज गिर्यारोहक, बॉस आणि काउफमान या दोन स्विस सोबत्यांना घेऊन, ऋषिगंगेच्या घळीवर आला. नदीच्या मुखाशीं रेणी नांवाचें गांव आहे. पण तेथून पाण्याच्या कडेनें वर जातां येत नाहीं. दोन्ही बाजूंस हजारों फूट उंचीचे कडे सरळ पाण्यांत उतरलेले आहेत. मंडळी फार आंत पोंचूं शकली नाहींत. हमाल सोडून गेले आणि माघार घ्यावी लागली. तेव्हांपासून ‘ही घळ दुस्तर आहे’ असा बोलबाला झाला, आणि पुढील मंडळींचे डोळे तटाकडे वळले.

१९०५ मध्यें डॉक्टर लॉन्गस्टाफ पूर्वेकडून, गोरी नदीच्या खोऱ्यांतून चढले. त्यांच्याबरोबर ब्रॉशेरेल हे दोघे इटालियन वाटाडे बंधु होते. पूर्व-नंदादेवी आणि नंदाकोट यांच्यामधील खिंडींत, एकोणीस हजार फुटांहून अधिक उंचीवर ते पोंचले. तटाच्या आंतील खोऱ्यांत तेथून मानवी दृष्टि शिरली. पण पाय शिरले नाहींत. दोन वर्षांनीं, १९०७ मध्यें, हेच लॉन्गस्टाफ उत्तरेकडून आले आणि वीस हजार फूट उंचीची बागिनी खिंड ओलांडून पलीकडे उतरले. उतरल्यावर कळलें, कीं आपण आंतल्या खोऱ्यांत नसून बाहेरच्या अंगणांत आलों आहों. नकाशांतील चूक मनुष्याच्या पायांनीं दुरुस्त झाली ती अशी. त्या वर्षीं ते त्रिशूल शिखरावर चढले, घळींतही थोडे पुढें सरकले. पण अन्न आणि वेळ दोन्हीं सरत आलीं होतीं.

राहिला दक्षिणेचा तट. अलमोड्यास डेप्युटी कमिशनर म्हणून काम केलेल्या रटलेज यांनीं नंदादेवीचा ध्यास अनेक वर्षें घेतला होता. १९३२ मध्यें एमिल रे हा वाटाड्या आणि सहा शेर्पा यांना घेऊन ते सुंदरढुंगा खोऱ्यांतून तटाखालीं जाऊन उभे राहिले. वर पाहतात तों कड्यावर कडा आणि त्यांवर लोंबणारे हिमाचे ढीग. आपल्याबरोबरच्या माणसांना अशा जागीं घालणें योग्य नव्हे, असें ठरवून ते परतले. या माघारीला मी अपयश म्हणणार नाहीं. न जाणें हाही वाट निवडण्याचाच एक प्रकार आहे.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानांत घेऊं. तट चढून जाणें एका माणसाला एकदां साधेल. पण पर्वताच्या पायथ्याशीं महिनाभर राहावयाचें, तर अन्न, तंबू आणि दोर यांचें प्रत्येक ओझें त्याच तटावरून आंत न्यावें लागतें, आणि संकट आलें तर त्याच तटावरून परतावें लागतें. वर बर्फ, जळणाला काडी नाहीं, हवा बिघडली कीं दार बंद. घळीची गोष्ट वेगळी. तेथें कडे भयंकर असले, तरी उंची तटाहून पुष्कळ कमी, पाणी जवळ, जाळावयास लाकूड, आणि एकदां सांपडलेली पायवाट दहा वेळां वापरतां येते. तेव्हां ‘आंत कसें जावें’ एवढाच प्रश्न नव्हता. ‘ओझें घेऊन आंत जाऊन जिवंत परत कसें यावें’ हा खरा प्रश्न होता. आणि असा प्रश्न विचारला, म्हणजे उत्तर पुन्हां ऋषिगंगेकडेच येऊन थांबत होतें.

हें उत्तर १९३४ मध्यें दोघा इंग्रज तरुणांनीं मानलें : एरिक शिप्टन आणि बिल टिलमन. त्यांच्यापाशीं पैसा थोडा होता, आणि मोठ्या लवाजम्यावर त्यांचा विश्वासही नव्हता. बरोबर तीन शेर्पा होते : अंग थारके, पासंग आणि कुसंग. या पांचांनीं मिळून ती वाट उलगडली. म्हणून पांचही नांवें एका दमांत घ्यावीं, असें मला वाटतें.

वाटेचा पहिला अर्धा भाग मात्र कोणी शोधून काढावयाचा नव्हता. तो धौली खोऱ्यांतील मेंढपाळांना ठाऊकच होता. लाता आणि तोलमा येथील लोक आपल्या शेळ्यामेंढ्या घेऊन नदीच्या उत्तरेकडील उंच धारेवर चढत, धरांसीच्या कुरणावर जात आणि तेथून खालीं डिब्रूघेटाच्या हिरवळीवर उतरत. ग्रंथांत जिला ‘अगम्य घळ’ म्हटलें जाई, तिच्या माथ्यावर मेंढरें चरत होतीं! मे महिन्यांत शिप्टनची मंडळी या मार्गानें निघाली, तेव्हां खिंडींत अद्याप कमरेइतकें बर्फ होतें. वाटेंत घेतलेले कांहीं स्थानिक हमाल तें पाहून परतले. नेपाळांतील डोटी भागांतून आलेले हमाल मात्र टिकले. रमणी नाल्याच्या संगमाशीं ओझीं उतरून तेही परत गेले. आतां पांच माणसें, सुमारें पांच आठवड्यांचें अन्न आणि पुढें चार मैलांची घळ, जींत मेंढपाळही शिरला नव्हता.

या चार मैलांना आठवड्याहून अधिक काळ लागला. कड्याच्या अंगाला तिरकस अरुंद पायऱ्या होत्या. एक पायरी संपून खालीं केवळ पोकळी दिसावी, आणि थोडें वर किंवा थोडें खालीं चांचपडल्यावर दुसरीचा आरंभ हातीं लागावा. प्रत्येक टप्प्यावर ओझीं दोन-तीन खेपांनीं न्यावीं लागत. नदी ओलांडावयाची तर वेळ साधावी लागे, कारण दुपारच्या उन्हानें बर्फ वितळलें कीं पाणी फुगे. शेवटीं एक प्रचंड बुरूज आडवा आला. त्याला मंडळींनीं पिस्गा असें बायबलांतील नांव दिलें. ज्या डोंगरावरून मोझेसनें वचनदत्त भूमि पाहिली, पण ज्याला त्या भूमींत पाऊल टाकतां आलें नाहीं, तो हा पिस्गा. दोन तुकड्या झाल्या. एक उत्तर तीरावर गेली, दुसरी दक्षिण तीरावरील बुरुजावर चढली. उत्तरेकडची तुकडी निराश होऊन परतली. दक्षिणेकडच्यांनीं सांगितलें, कीं वाट आहे. वाट अगदीं एका धाग्याइतकी बारीक होती. पण तो धागा कोठेंही तुटलेला नव्हता. जून महिन्याच्या आरंभीं मनुष्याचें पाऊल प्रथमच नंदादेवीच्या अंतर्गृहांत पडलें.

पाऊस सुरू होतांच मंडळी बाहेर आली आणि पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हां आंत गेली. त्या वेळीं त्यांनीं शिखराची दक्षिणेकडील धार तपासली, आणि परततांना एक धाडस केलें : रटलेज ज्या दक्षिण तटाखालून माघारी गेले होते, त्याच तटावरून ते सुंदरढुंग्याच्या बाजूस उतरून गेले. आंत येण्यास जी वाट अयोग्य ठरली होती, तिनें बाहेर जाण्याचें काम दिलें. कारण आतां ओझीं संपलीं होतीं आणि पुन्हां परतावयाचें नव्हतें.

याच घळीच्या वाटेनें १९३६ मध्यें इंग्रज आणि अमेरिकन गिर्यारोहकांची संयुक्त मोहीम गेली. शिखराकडे जाणाऱ्या जोडींत ह्यूस्टन होता. पण वरच्या तळावर डब्यांतील अन्न बाधलें आणि त्याच्या जागीं टिलमन गेला. २९ ऑगस्ट १९३६ रोजीं टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोंचले. खालीं पायथ्याच्या तळावर कितार नांवाचा शेर्पा आजारानें मरण पावला. विजयाच्या वृत्तांतांत अशीं नांवें तळटीपेंत जातात. तीं मोठ्यानें उच्चारावीं, म्हणून येथें सांगितलें.

तीन वर्षांनीं, १९३९ मध्यें, पोलंडची मंडळी आली. त्यांना मुख्य शिखर नव्हे, तर पूर्व-नंदादेवी चढावयाची होती. त्यांनीं लॉन्गस्टाफचीच पूर्वेकडील खिंड धरली आणि २ जुलै रोजीं बुयाक आणि क्लार्नर माथ्यावर उभे राहिले. म्हणजे चौतीस वर्षांपूर्वीं सोडून दिलेली वाट चुकीची नव्हती. ती दुसऱ्या शिखराची होती. १९५१ मध्यें डुप्ला आणि विन्ये या फ्रेंच तरुणांनीं दोन्ही शिखरें मधल्या धारेनें जोडूं पाहिलीं. ते परत आले नाहींत. वाट बरोबर कीं चूक, हें वाटेला विचारून कळत नाहीं. कोठें जावयाचें, किती ओझ्यानें जावयाचें आणि परत यावयाचें कीं नाहीं, हें आधीं स्वतःला विचारावें लागतें.

कथेचा शेवटचा भाग रेणी गांवांत घडतो, जेथें ऋषिगंगा बाहेर पडते. तेथील जंगल तोडावयास ठेकेदाराचीं माणसें आलीं, तेव्हां २६ मार्च १९७४ रोजीं गौरादेवी आणि तिच्या सोबतिणी झाडांपाशीं उभ्या राहिल्या आणि जंगल वांचलें. पण त्याच वर्षापासून आंतील खोरें मोहिमांना खुलें झालें. सांपडलेल्या वाटेवरून गर्दी लोटली. जळणासाठीं झाडें पडूं लागलीं, डबे आणि कचरा सांचला. अखेर १९८२ मध्यें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें आणि पाठोपाठ आंतील खोरें बंद करण्यांत आलें. १९९३ मध्यें सैन्याच्या इंजिनिअर दलाची तुकडी आंत गेली, ती आधींच्यांनीं टाकलेला केरकचरा पाठीवर घेऊन परतली. बंदीबरोबर मेंढपाळांचीं कुरणेंही बंद झालीं. ज्यांच्या पायवाटेनें साहेब आंत गेले, त्यांच्याच मेंढरांना दार लागलें. लाता आणि आसपासच्या गांवांनीं याविरुद्ध आवाज उठविला, आणि तो न्याय्य होता.

दार लावावें कीं उघडावें, याविषयीं मतभेद असूं शकतात. माझें म्हणणें एवढेंच, कीं निर्णय करणाऱ्यांनीं त्या पहिल्या अर्ध्या वाटेची आठवण ठेवावी. पुढचे चार मैल पांच धाडसी माणसांनीं शोधले, हें खरें. परंतु त्यांना त्या चार मैलांच्या तोंडाशीं नेऊन सोडलें तें लाता-तोलमाच्या मेंढपाळांच्या पायांनीं. वाट निवडणाऱ्याचें नांव इतिहासांत राहतें. वाट पाडणाऱ्याला निदान तिच्यावरून चालण्याचा हक्क तरी राहावा.