वेताळाची डायना आणि आत्याचा हिशोब

मागच्या महिन्यात पुण्यात मामेभावांची जेवणं झाली आणि नेहमीप्रमाणे गाडी इंद्रजालवर घसरली. पन्नाशी ओलांडलेली पाच-सहा माणसं, आणि भांडण कशावरून? तर वेताळाने डायनाशी लग्न करायला इतकी वर्षं लावली, हे बरोबर की चूक. हा वाद आमच्या घरात वाढवणला सुरू झाला तेव्हा मी जेमतेम वाचायला शिकलो होतो. अजून निकाल लागलेला नाही. म्हटलं, एकदा तारीखवार लिहूनच काढू.

नव्या वाचकांसाठी थोडं आधीचं. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. पहिला अंक अर्थातच वेताळाचा. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांत ते निघायचं. आधी मासिक, मग पाक्षिक, १९८१ पासून साप्ताहिक. १९९० मध्ये बंद पडलं तोवर आठशेच्या वर अंक झाले होते. आमच्याकडे ते रेल्वेने यायचं, म्हणजे कोणी मुंबईहून येताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून घ्यायचा, वाणगावला उतरायचा, एस.टी.ने वाढवणला पोचायचा, आणि अंक घरात आल्याबरोबर चार हातांत फाटायचा. चिंचणी, वरोरपर्यंत आमची अदलाबदल चालायची.

फॅंटमचं मराठीत 'वेताळ' करणाऱ्याला माझा सलाम. दक्षिण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री फेरी मारणारा, न मरणारा, दुष्टांना धडा शिकवणारा. ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण नाव असं चपखल बसलं की माझी आजी त्याला परदेशी मानायलाच तयार नव्हती. इतर बदलही गमतीचे होते. मूळ कथेतले सिंग चाचे आपल्याकडे 'सिंगा' झाले (शीख मंडळींना राग येऊ नये म्हणून असणार), आणि वेताळाचा देश बंगाला इथे 'डेंकाली' झाला.

मूळ गोष्टीत पहिला वेताळ १५३६ साली जहाज फुटून किनाऱ्याला लागतो आणि चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतो. आता बघा, त्याच्या दोनच वर्षं आधी, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली होती. म्हणजे फॉकने कल्पनेतला किनारा रंगवला त्या काळात आमचा खरा किनारा फिरंग्यांच्या हातात जात होता. लहानपणी हे माहीत असतं तर मी वेताळाची गुहा वाढवणच्या खडकांतच शोधली असती. असो.

मूळ मुद्दा डायनाचा. १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकन वर्तमानपत्रांत वेताळाची मालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्या भागात वेताळ नाहीच, डायना आहे! मोहिमेवरून बोटीने परत येणारी, बॉक्सिंगचे हातमोजे घालून पुरुषांना ठोसे देणारी मुलगी. तिच्या बोटीवर अंबर असतं, म्हणजे व्हेल माशाच्या पोटातलं ते महागडं द्रव्य, आणि त्यासाठी चाचे हल्ला करतात. (हल्ली पोलीस 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या येतात ना, तेच.) पुढे डायना ऑलिंपिकमधली डायव्हर होते, नर्स होते, संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी देशोदेशी हिंडते. १९३० आणि ४० च्या दशकातल्या कॉमिकमध्ये इतकं स्वतःचं आयुष्य असलेली नायिका विरळाच.

आणि तरी या बाईने लग्नासाठी वाट पाहिली किती? १९३६ ते १९७७. एकेचाळीस वर्षं! मधल्या काळात वेताळ जंगलात, ती न्यूयॉर्कात. तिच्या आईला हा चष्मा लावून फिरणारा 'मिस्टर वॉकर' पसंत नाही, काका डेव्ह मात्र पुतणीच्या बाजूने. चांगल्या घरची स्थळं येतात, डायना नाकारते. दरम्यान वेताळाच्या वाटेत सुंदर बायका येतच असतात. अगदी सुरुवातीला स्काय बॅंडची साला आणि तिची ती बॅरोनेस. पुढे राणी समारिस, जी प्रेमात पडली नाही तोवरच तरुण राहू शकते, आणि पडते कोणाच्या प्रेमात? वेताळाच्याच.

आमच्याकडे दोन पक्ष होते. थोरला मामेभाऊ डायमेकिंग करायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाढवण-वरोर-चिंचणी पट्ट्यात घरोघरी दागिन्यांचे डाय कोरतात, लोखंडाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी. त्याने वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा डाय कोरला होता, तेव्हा या विषयात त्याचा शब्द अखेरचा. त्याचं म्हणणं, वेताळाने लग्न केलं की तो संपला. नवरा झालेला माणूस बंदुका कमरेला लावून जंगलात कसा जाणार? त्याला डाळ-तांदूळ बघावं लागणार. शिवाय, डायना सुखी आहेच की, नोकरी आहे, विमानाने फिरते.

विरुद्ध पक्षात एकटी आत्या. ती शाळेत शिकवायची आणि अंक आम्हा मुलांच्या आधी वाचायची. ती हिशोब मांडायची. कुठल्या अंकात डायना जंगलात आली, किती दिवस राहिली, त्यातले किती दिवस चाच्यांच्या ताब्यात गेले, आणि वेताळ एकदा तरी न्यूयॉर्कला फक्त तिला भेटायला म्हणून गेला का. जायचा तो, पण तिथेही कुठला तरी दरोडा निघायचाच. आत्या म्हणायची, "शपथ त्याच्या बापजाद्यांनी घेतली, भरते कोण? ती."

हे बोलायला तिला कारण होतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहितो (आत्याला विचारून लिहितोय). तिचं लग्न एका जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरलं होतं. पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करत चार वर्षं गेली. पत्रं यायची, त्यांवर सुंदर तिकिटं असायची, ती आम्ही पोरं वाफेवर धरून काढायचो. पाचव्या वर्षी आत्यानेच नकाराचं पत्र लिहिलं आणि वाणगावला जाऊन स्वतः टाकलं. त्या काळात, त्या गावात. आजीने आठ दिवस अबोला धरला होता. म्हणून भाऊ जेव्हा "डायना सुखी आहे" म्हणायचा तेव्हा आत्या फक्त चष्म्यावरून बघायची.

डिसेंबर १९७७ मध्ये फॉकने शेवटी लग्न लावलं. लग्नाला जादूगार मॅंड्रेक आणि लोथार हजर, डेंकालीचे अध्यक्ष लुआगा हजर, नवरा बुरख्यातच! हनीमून की-ला-वीच्या सोनेरी वाळूवर. १९७९ मध्ये जुळी झाली, किट आणि हेलॉइज. हे सगळं पुढे इंद्रजालमधून आमच्यापर्यंत आलं. भाऊ हिरमुसला होता. पण त्याची भीती खोटी ठरली, वेताळ लग्नानंतरही तितकाच हिंडत राहिला आणि डायनाने संयुक्त राष्ट्रांचं काम सोडलं नाही. माझ्या मते फॉकला हे दहा-वीस वर्षं आधी करता आलं असतं.

त्या मानाने मॅंड्रेकची नार्डा खरी बिचारी. १९३४ पासूनची राजकन्या, बरोबर हिंडते, मदत करते, आणि लग्न १९९७ मध्ये! तोवर मराठी इंद्रजाल बंद पडून सात वर्षं झाली होती, त्यामुळे माझ्या पिढीतल्या निम्म्या मराठी वाचकांच्या लेखी नार्डा अजून कुमारिकाच आहे.

देशी मालाचंही सांगायला हवं. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये इंद्रजालसाठी 'बहादूर' निर्माण केला, भगवा कुर्ता आणि जीन्स, डाकूचा मुलगा, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. त्याची बेला त्याच्या बरोबरीने लढायची. इथे कोणी कोणाची वाट बघत बसलं नाही. आत्याचं मत बहादूरबद्दल एकदम चांगलं होतं. आणि त्याही आधी आपल्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार बघा (आडनावात आपल्याच जिल्ह्यातला अर्नाळा!). त्याची विजया त्याची बायकोच आहे. लग्न झालेला साहसवीर मराठी वाचकाने कधीचाच पचवला होता. भावाच्या डाळ-तांदूळ सिद्धांताला याहून मोठं उत्तर काय हवं?

तिकडे अमेरिकेत हा वाद आमच्यापेक्षा कडवट झाला. १९७३ मध्ये स्पायडरमॅनची ग्वेन स्टेसी मारली गेली, आणि ती आधीच मेली होती की त्याच्या जाळ्याच्या हिसक्याने मान मोडली, यावर वाचक अजून भांडतात. १९८७ मध्ये त्याचं मेरी जेनशी लग्न लावलं, २००७ मध्ये संपादकांनी सैतानाशी सौदा घडवून ते लग्न झालंच नव्हतं असं करून टाकलं. वीस वर्षांचा संसार पुसला! १९९९ मध्ये गेल सिमोन या वाचक बाईने (ती पुढे स्वतः लेखिका झाली) यादीच केली, की नायकाला चेव यावा म्हणून किती नायिकांना मारलं, छळलं, दुबळं केलं. यादी लांबलचक होती.

फॉक १९९९ मध्ये गेला. पुढे टोनी डीपॉलच्या हाती वेताळ आल्यावर, २००९ मध्ये डायनाची पाळी आली. बॉम्बस्फोटात ती ठार झाली असं दाखवलं. कथेचं नावच 'डायना पामर वॉकरचा मृत्यू'. मी ते वाचलं तेव्हा खरंच धक्का बसला, घरातलं कोणी गेल्यासारखा. पण ती मेली नव्हती, र्‍होडियातल्या ग्रेव्हलाइन्स तुरुंगात कोंडलेली होती. २०११ मध्ये वेताळाने तिला बाहेर काढलं. सुटका छानच आहे, पण पाऊण शतक जिवंत ठेवलेल्या बाईला दोन वर्षं मारून ठेवायची ही युक्ती मला अजून आवडलेली नाही. भावाला आवडली. तो म्हणतो, पहिल्यांदाच वेताळाला वाट बघणं काय असतं ते कळलं. हे मात्र त्याने आत्यासमोर म्हटलं नाही.

आत्या आता सत्तरी पार आहे, वाढवणलाच असते. २०२४ मध्ये बंदराची पायाभरणी झाल्यापासून गावात वादाला दुसरा विषय आहे आणि तो गंमतीचा नाही, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. परवा फोनवर तिला पुढची गोष्ट सांगितली. किटला हिमालयातल्या मठात शिकायला पाठवलं, हेलॉइज न्यूयॉर्कला शिकायला गेली, तिथे तिची खोलीतली मैत्रीण निघाली एका दहशतवाद्याची मुलगी, आणि तो दहशतवादी पकडला गेला तो हेलॉइजमुळे. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग तिला आठवलं, की सतराव्या वेताळाची बहीण ज्यूली भाऊ जायबंदी असताना बुरखा घालून फिरली होती. कुठल्याशा इंद्रजालमध्ये वाचल्याचं तिच्या पक्कं लक्षात होतं. मला तपासावं लागलं. ती कथा १९५२ ची आहे.

"मग बाविसावा कोण?" तिने विचारलं. म्हटलं, अजून ठरलेलं नाही. "भावाला सांग," ती म्हणाली, "अंगठी बारीक मापाची कोरून ठेव."