वाँटेजमधला मराठीचा तास

दिवाळीत नवलाख उंबऱ्याला मामाकडे गेले होते. मामेबहीण ओसरीवर लॅपटॉप उघडून बसलेली. इंग्रजीत एमए झालंय, एमआयडीसीतल्या नोकरीत मन लागत नाही, आणि आता व्हिएतनामला जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं तिने ठरवलंय. त्यासाठी १२० तासांचा ऑनलाइन कोर्स चालू होता. मामी मध्येच म्हणाली, "अगं, पण पोरांना तुझं काही कळलं नाही तर समजावणार कुठल्या भाषेत?" बहीण वैतागली. "आई, तिकडे सगळं इंग्रजीतूनच शिकवतात." विषय तिथेच संपला.

माझ्या डोक्यात मात्र राहिला. कारण त्याच आठवड्यात माझ्या चॅप्टरचा मसुदा गाईडकडून परत आला होता. मी लिहिलं होतं, 'पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या.' समासात सरांनी एवढंच विचारलं होतं: कोण कोणाला शिकवत होतं?

वाक्य चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं.

पूर्ण गोष्ट अशी. वाँटेज हे इंग्लंडमधलं एक छोटं गाव. तिथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या संघाचं काम पुण्यात १८७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. पुढे चहाच्या प्रकरणाने गाजलेलं पंचहौद मिशन आपल्याला ठाऊक असतं, त्याच परिसरात या सिस्टर्स होत्या. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या. पती वारलेले, पदरात तान्ही मनोरमा. मिस हर्फर्ड नावाच्या मिशनरी बाईंकडे त्यांनी इंग्रजीचे धडे सुरू केले. त्याच वर्षी हंटर आयोगासमोर त्यांनी मराठीत साक्ष दिली आणि स्त्री शिक्षिका, स्त्री डॉक्टर हव्यात असं मांडलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला जायचं ठरलं, आणि 'स्त्रीधर्मनीती' या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची सोय झाली. (संशोधन करणाऱ्यांनी पैशाची वाट नेहमी शोधावी. कोण कुठे का गेलं, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.)

आणि वाँटेजमध्ये राहण्याजेवण्याचं काय? ठरलं असं, की भारतात कामाला जाणाऱ्या सिस्टर्सना रमाबाई मराठी शिकवतील आणि त्या बदल्यात त्यांची राहण्याची, इंग्रजी शिकण्याची सोय होईल. म्हणजे ज्या बायका हजारो मैलांवर शिकवायला जाणार, त्यांच्या तयारीचा मराठीचा भाग पंचविशीतल्या एका विधवेच्या हातात होता. मामीच्या प्रश्नाचं उत्तर त्या संघाने समुद्र ओलांडण्याआधीच शोधायला घेतलं होतं.

हे काही एकाच संघाचं शहाणपण नाही. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला गेली. तिच्या देखरेखीखालच्या मुलींच्या शाळा मराठीतून चालायच्या. मराठी आल्याशिवाय ती देखरेख तरी कशाची करणार? जोतिराव फुल्यांनी नगरची ती शाळा पाहिली होती, हे आपण वाचलेलं असतं. पण फरारबाईंना मराठी शिकवणारं कोण, हा प्रश्न आपल्याला सहसा पडतच नाही.

पुन्हा रमाबाईंकडे. ऐकायला कमी येत असल्याने डॉक्टरकीचा बेत सुटला. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या विद्यार्थिनीही होत्या आणि संस्कृतच्या शिक्षिकाही. मुख्याध्यापिका डोरोथिया बील त्यांच्या बाजूच्या होत्या. मग रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली, आणि मुंबई नि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. म्हणे, हे भारतात कळलं तर परतल्यावर बाईंचा तिथल्या लोकांवर प्रभाव राहणार नाही. रमाबाई भडकल्या. पुरुषांसमोर व्याख्यानं देत त्या अर्धा हिंदुस्थान फिरल्या होत्या. वडिलांनी, नवऱ्याने कधी आडकाठी केली नव्हती. ती आता इंग्लंडात व्हावी?

इथे मला खरी गोम दिसते. बायकांना, जोगिणींना शिकवणाऱ्या रमाबाई सगळ्यांना चालत होत्या. त्यांचं शिकवणं मदत म्हणून खपून जात होतं. इंग्रज पुरुषांसमोर प्राध्यापक म्हणून उभं राहायची वेळ आली, तेव्हा मात्र त्या पुन्हा 'अजून शिकायची आहे' अशा ठरल्या.

साधनांतही हाच कल उतरलाय. रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनी जमवला आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापला गेला. सिस्टर जेराल्डीन म्हणजे वाँटेजमधल्या त्यांच्या धर्ममाता. त्या संग्रहात त्रैक्याच्या सिद्धांतावर पानंच्या पानं वाद आहे, आणि ते साहजिक आहे, कारण संग्राहिकेची तळमळ तीच होती. मराठीच्या शिकवणीला त्या मानाने फार थोडी जागा. मी पहिल्या वाचनात जे भरपूर होतं त्याच्याच मागे गेले आणि रमाबाईंना 'शिकणारी' करून मोकळी झाले. तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर एक करून बघा: 'शिकवणे', 'देणे', 'मदत करणे' ही क्रियापदं शोधा आणि प्रत्येक वेळी कर्ता कोण आहे ते पेन्सिलीने लिहा. माझ्या चॅप्टरमध्ये रमाबाई अकरा वेळा कर्म होत्या आणि दोनदा कर्ता. लाज वाटली.

त्यानंतर रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या. तिथे त्यांनी बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली, आणि फिलाडेल्फियात बसून मराठी वाचनपुस्तकं तयार केली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं.

मसुद्यातलं वाक्य आता असं आहे: 'इंग्रजी शिकण्याच्या आणि मराठी शिकवण्याच्या बोलीवर पंडिता रमाबाई वाँटेजला गेल्या.' सरांनी यावर अजून काही लिहिलेलं नाही. मामेबहिणीचा परवा फोन आला होता. हनोईची एक मुलगी तिला ऑनलाइन भेटली आहे, रोज अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास व्हिएतनामी. मामी म्हणते, फी कोण कोणाला देणार?