दोराचा धाक आणि गडचिरोलीचा दाखला

एखादा निर्घृण गुन्हा घडला की चंद्रपूरच्या गांधी चौकात काय नि गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकात काय, मागणी एकच असते: भर चौकात फासावर लटकवा. आपल्या कायद्यातून फाशी कधी गेलीच नाही, त्यामुळे ती परत आणा असे कोणी म्हणत नाही. ती वाढवा आणि झटपट द्या, असे म्हणतात. महाराष्ट्राचे शक्ती विधेयक याच मागणीतून आले. २०२१ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झाले, राष्ट्रपतींची संमती मात्र त्याला मिळाली नाही.

फाशी मागणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. त्या घरांना दयेचे धडे कोणी देऊ नयेत. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत बाहेर’ हा राग मात्र चुकीच्या समजावर उभा आहे. फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेला चौदा वर्षे ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. मरेपर्यंत, सवलतीविना तुरुंग अशी शिक्षा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच श्रद्धानंद खटल्यात ठरवले आहे.

खरा मुद्दा धाकाचा. शिक्षा लवकर आणि हमखास मिळाली की जरब बसते, असे सांगितले जाते. या प्रमेयाची परीक्षा गडचिरोलीने दिलेली आहे. भामरागड, एटापल्ली, अहेरीच्या जंगलात नक्षलवाद्यांनी कित्येक वर्षे हेच केले. खबरी असल्याचा नुसता संशय आला, की रात्री घरातून उचलायचे. जनअदालत भरली तर भरली. सकाळी गावाबाहेर रस्त्यावर प्रेत, आणि शेजारी दगडाखाली दाबलेले पत्रक. ना वकील, ना अपील, ना दयेचा अर्ज. याहून झटपट मृत्युदंड कोणते सरकार देणार? तरी पोलिसांना मिळणारी खबर थांबली नाही. मरणाच्या भीतीने माणूस वरकरणी गप्प बसला, पण मनातून नक्षलवाद्यांपासून तुटला. पुढे गावांनी त्यांना गावबंदी केली.

आणि नक्षल चळवळ ओसरली ती कशाने? चकमकींनी, रस्त्यांनी, मोबाईलच्या टॉवरांनी, हे सगळे खरे. पण २००५ पासून राबवलेल्या आत्मसमर्पण योजनेचा वाटा कोणी नाकारू नये. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षल नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती आपल्या ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर गडचिरोलीत शस्त्रे ठेवून उभा राहिला. त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत फाशीवादीही होतेच की! परतीची वाट उघडी ठेवल्याने रक्तपात थांबतो, हे त्यांनाही कळते. फक्त ते तत्त्व म्हणून कबूल करवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, तो न्यायालयाच्या हातून होणाऱ्या चुकीचा. दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतर पाच जणांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये दोषी ठरवले. आरोप खुनाचा नव्हता, बंदी असलेल्या संघटनेशी संबंधाचा होता. जन्मठेपही अपुरी आहे, पण कायद्याने आपले हात बांधले आहेत, अशी खंत न्यायाधीशांनी निकालात नोंदवली. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष ठरवले. तोवर त्यांतला एक तरुण आदिवासी कैदेतच मरण पावला होता. कायद्याने हात बांधलेले होते म्हणून बाकीचे बाहेर येऊ शकले.

प्रत्यक्ष फाशीच्या शिक्षेतही हेच घडले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या गुन्ह्याच्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. त्यांतल्या तिघांची फाशी उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशीवर नेली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. २०१० मध्ये दोर ओढला असता, तर ही भरपाई कोणाच्या हाती ठेवायची होती?

अशा चुकांचे ओझे कोणावर पडते तेही पाहावे. माडियाखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या माणसाचा जबाब मराठीत लिहिला जातो. त्यावर अंगठा उमटला की तो त्याचा जबाब. वकील बहुधा सरकारने दिलेला, घर कोर्टापासून दीडशे किलोमीटरवर. डॉ. आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशी अजिबात रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. त्यांच्या पुतळ्याजवळ उभे राहून फाशी मागणाऱ्यांनी ते भाषण एकदा काढून वाचावे.

विधिमंडळात चंद्रपूर-गडचिरोलीच्या नावाने बोलणाऱ्यांना एवढीच विनंती: फाशीचे नवे कलम मागण्याआधी गडचिरोलीच्या न्यायालयात माडियाचे कायम दुभाषे, तालुक्याला जाणकार बचाव वकील आणि गुन्ह्याच्या जागी वेळेवर पोहोचणारे न्यायवैद्यक पथक मागा.